मेलेलं पात्र दर वेळी उठून बसतं आणि कुणालाच काही वाटत नाही: बिघाड कुठे असतो आणि दुरुस्ती कशी करायची

हे डंजन्स अँड ड्रॅगन्सबद्दल आहे: टेबलाभोवती बसून, फासे टाकत, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन गोष्ट रचायचा खेळ. मी त्यात डीएम, म्हणजे गोष्ट पुढे नेणारी आणि नियम चालवणारी. आधी लक्षण सांगते. पात्रांच्या पाचव्या लेव्हलपर्यंत कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका (सेशन) चालणारी सलग गोष्ट, झकास चाललेलं असतं. कुणाचे एचपी, म्हणजे जीव मोजणारे गुण, शून्यावर आले की सगळं टेबल पुढे सरसावतं. मग क्लेरिकच्या, म्हणजे टोळीतल्या पुजाऱ्याच्या, हाती रिव्हिव्हिफाय हा मेलेल्याला उठवणारा स्पेल (मंत्र) येतो, आणि त्या दिवसापासून मरण म्हणजे ३०० सोन्याच्या नाण्यांच्या हिऱ्यांचं बिल होऊन बसतं.

आमच्या जळगावच्या टेबलावर हे मला पहिल्यांदा टोचलं ते मे महिन्यातल्या एका रात्री. घरात भिंतीसुद्धा तापलेल्या, म्हणून आम्ही गच्चीवर सतरंजी टाकून बसलो होतो. आमच्या टोळीतल्या सगळ्या पात्रांना खान्देशातल्या नद्यांची नावं आहेत. माझ्या मावसभावाचा फायटर (लढवय्या) वाघूर. धाकट्या बहिणीची अनेर. तिचा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, रोग (rogue), पण मराठीत तो शब्द कानाला बरा लागत नाही म्हणून आम्ही तिला चोरटी म्हणतो. औषधांच्या दुकानात बसणाऱ्या मित्राचा क्लेरिक पांझरा, आणि त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, यांची ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारी, गिरणा. त्या रात्री ओगर राक्षसाच्या सोट्याखाली वाघूर मेला. चार सेशनमध्ये तिसऱ्यांदा. मी अजून सांगतेच आहे, तेवढ्यात मावसभाऊ शेवमुरमुऱ्याच्या परातीत हात घालत म्हणाला, "मरी गया भो. पांझरा, हिरा काढ." पांझराने कागदावर एक रेघ ओढली. वाघूर एका एचपीवर उभा राहिला. माझं वाक्य अर्धंच राहिलं.

त्याआधीच्या कॅम्पेनमध्ये नेमकी उलटी तक्रार होती. बहिणीचं पात्र दुसऱ्याच लेव्हलला मेलं. परत आणायला कुणाकडे काही नव्हतं, आणि मीही 'नियम म्हणजे नियम' म्हणून गप्प बसले. ती पुढचे दोन तास फासा बोटांत फिरवत बसून राहिली. पुढच्या रविवारी म्हणाली, अभ्यास आहे.

एका टेबलावर मरण फुकट, दुसऱ्यावर मरण म्हणजे घरी जा. वरवर हे दोन वेगळे बिघाड वाटतात. आता इतकी वर्षं खेळवल्यावर माझं मत पक्कं झालंय की मूळ एकच आहे. पात्र मेल्यावर आणि परत आल्यावर माणसामाणसांत काय बदलणार, हे आपण ठरवलेलंच नसतं. सगळा हिशोब नाण्यांत नाहीतर फाशात संपतो. खेळाच्या जुन्या आवृत्त्यांत निदान किंमत पात्राच्या अंगातून जायची. पहिल्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत परत येणाऱ्याचा कॉन्स्टिट्यूशनचा (अंगातल्या दमाचा) एक गुण कायमचा कमी व्हायचा, तिसऱ्या आवृत्तीत रेझ डेड या उठवण्याच्या स्पेलनंतर एक लेव्हल खाली यावं लागायचं. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत ती किंमत बहुतेक थैलीतून जाते. थैली तर डीएमच भरून देत असतो.

पहिली तपासणी: नियम नीट चालवताय का

यात वेळ घालवू नका, पण हे टाळूही नका. इथून पुढचे नियम त्याच २०१४च्या पुस्तकांतले आहेत. निम्मी टेबलं इथेच दुरुस्त होतात.

रिव्हिव्हिफाय मरणानंतर एका मिनिटाच्या आत, म्हणजे लढाईच्या दहा राउंडांच्या (फेऱ्यांच्या) आत, प्रेताला हात लावूनच करता येतो. ३०० नाण्यांचे हिरे त्यात खर्ची पडतात, परत मिळत नाहीत. आमच्या पांझराच्या कागदावर 'हिरे' असं एकदाच लिहिलेलं होतं आणि पुढे नुसत्या रेघा. किती हिरे होते, कुठून आले, मी कधी विचारलंच नव्हतं. वही उघडून मोजले तेव्हा निघालं, की शेवटचे दोन हिरे टोळीने कधी विकतच घेतले नव्हते.

रेझ डेडला दहा दिवसांची मुदत आहे आणि ५०० नाण्यांचा एक अख्खा हिरा लागतो. परत आलेल्याला हल्ला, सेव्ह (संकटातून वाचण्याचा फासा), ॲबिलिटी चेक (काही जमतंय का बघणारा फासा) या सगळ्यांवर उणे ४ बसतात, आणि दर लाँग रेस्टला (रात्रभराच्या विश्रांतीला) त्यातला एक उतरतो. हे उणे ४ जवळपास सगळे विसरतात. चार दिवस चाचपडणारं पात्र गोष्टीला किती देऊन जातं ते एकदा चालवून पाहा.

तिसरी गोष्ट नियमपुस्तकातच आहे, पण लोक वाचत नाहीत: आत्म्याची इच्छा नसेल तर त्याला परत आणता येत नाही. कोण बोलावतंय हेही त्या आत्म्याला कळतं. माझ्या दृष्टीने मरणाबद्दलच्या सगळ्या नियमांत मोलाचा नियम हाच. याच्याकडे पुढे परत येते.

खालच्या लेव्हलला लोक पटापट मरत असतील तर हे बघा. बेशुद्ध पडलेल्याला पाच फुटांच्या आतून मारलेला फटका क्रिटिकल, म्हणजे जबर, धरला जातो आणि एकदम दोन डेथ सेव्ह (शून्यावर पडल्यावर टाकायचे जगण्या-मरण्याचे फासे; तीन चुकले की मेलं) चुकल्यासारखे होतात. म्हणजे पडलेल्यावर राक्षसाने दोनदा वार केला की विषय संपला. कमाल एचपी ९, अंगात उरलेत ४ आणि मार बसला १३चा, तर उरलेला मार कमाल एचपीइतका होतो आणि पात्र डेथ सेव्हविनाच जागीच मरतं. बहिणीचं पात्र असं गेलं नव्हतं. ते तीन सेव्ह चुकून गेलं, आणि पाच नाण्यांची हीलर्स किट चौघांपैकी एकाच्याही पाठीवर नव्हती. त्या किटने दहा वेळा कुणालाही, कसलाही फासा न टाकता, स्थिर करता येतं. पहिल्याच बाजारात खेळाडूंना याची आठवण करून देणं हे डीएमचंच काम.

पडलं, हीलिंग वर्डने (जखम भरणाऱ्या स्पेलने) उठलं, परत पडलं, असा फुगडीसारखा प्रकार होत असेल तर शून्यावर गेलं की एक्झॉशनची (थकव्याची) एक पायरी द्या, असा घरगुती नियम बरेच जण सांगतात. आम्ही चार सेशन चालवला आणि सोडून दिला. शिक्षा दर वेळी पुढे उभं राहून मार खाणाऱ्या फायटरलाच होते. मागे लपणारे ठणठणीत राहतात आणि पुढच्यालाही लपावंसं वाटू लागतं.

दुसरी तपासणी: कुणाला काय चालेल हे विचारलंय का

कॅम्पेन सुरू होण्याआधी मी आता प्रत्येकाला कोरी चिठ्ठी देते. तीन प्रश्न. तुझं पात्र मेलेलं तुला चालेल का? मेलं तर परत यावंसं वाटेल का? परत आलं तर त्याच्यातलं काय हरवलेलं तुला आवडेल? चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात जातात आणि त्या फक्त मी वाचते. एकमेकांसमोर विचारलं की सगळे शूर होतात. "चालेल ना, त्यात काय!" चिठ्ठीत माणूस खरं लिहितो. आमच्याकडे मावसभावाने पहिल्या प्रश्नाला लिहिलं होतं, "चालेल, पण उगाच नको." वहिनींनी लिहिलं, "गिरणा मेली तर तिला झाड होऊ द्या." बहिणीची चिठ्ठी मात्र मोठी होती. मागच्या वेळी ती का यायची थांबली हे मला त्या चिठ्ठीतून कळलं. पात्र मेल्याचं दुःख तिला होतंच, पण जास्त लागलं होतं ते हे, की मेल्यावर कुणी तिच्या पात्राचं नावसुद्धा काढलं नाही. टोळी प्रेताचे खिसे तपासून पुढच्या खोलीत गेली.

ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे.

तिसरी तपासणी, आणि खरी दुरुस्ती: किंमत कोण देतंय

जळगावचा माणूस सराफ बाजारात वाढलेला. हिरा म्हटलं की तो दुकान शोधणार. म्हणून मी आमच्या जगातली दुकानंच रिकामी केली. वाघूर चौथ्यांदा मेला तेव्हा खाण कोसळली होती, मिनिट केव्हाच उलटलं होतं, आणि पांझरा अजून रेझ डेड करण्याइतका मोठा झाला नव्हता. ते करू शकणारा एक म्हातारा पुजारी दोन नद्यांच्या संगमावर राहत होता. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ आमच्यापैकी प्रत्येकाने पाहिलेलं आहे. काळाला चुकवत चौदाशे वर्षं जगलेल्या योग्याची कथाही ठाऊक आहे. त्यामुळे संगम म्हटल्यावर मला वर्णन करावं लागलं नाही. वाट मात्र बारा दिवसांची होती आणि मुदत दहा दिवसांची.

इथे पांझराचा दुसऱ्या लेव्हलचा एक स्पेल कामी आला, जेंटल रिपोज. तो प्रेताला कुजू देत नाही आणि त्याच्या अमलातले दिवस मुदतीत धरले जात नाहीत. त्याला लागतं चिमूटभर मीठ आणि प्रेताच्या दोन्ही डोळ्यांवर एकेक तांब्याचं नाणं. अट अशी, की स्पेल चालू आहे तोवर ती नाणी तिथून हलता कामा नयेत. आता बैलगाडीत, खडकाळ घाटात, ही नाणी जागेवर ठेवायची कशी? मी एवढंच विचारलं. पुढचा एक तास टेबलावर कुणी फासा टाकला नाही. अनेरने आपली ओढणी फाडून वाघूरच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. रात्री पाळी लावून प्रत्येकजण त्याच्या डोक्याशी बसला. गिरणा त्याच्याशी बोलत होती, उद्या कुठल्या गावातून जायचंय ते सांगत होती. ज्याच्या तीन मरणांना कुणी मान वर केली नव्हती, त्याच्या डोळ्यांवरची दोन नाणी सांभाळताना चौघांचे आवाज आपोआप खाली आले होते.

हिरा मिळाला तो संगमाजवळच्या गावातल्या एका म्हातारीच्या कानात. हिऱ्याच्या कुड्या, एकेक ५०० नाण्यांची. गावात सगळे तिला माय म्हणायचे. पांझरा म्हणाला, "माय, एक कुडी दे. आमचा माणूस आहे." मायने पैसे घेतले नाहीत. तिची लेक गेलेली. ती म्हणाली, "आखाजीला सगळ्यांच्या लेकी माहेरी येतात. माझ्या दारात कुणी येत नाही. हा उठला तर दर आखाजीला यायचं. जेवायचं आणि मग जायचं." आमच्या जगातही आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आहे, ती मी पहिल्या दिवसापासून ठेवलेली. माय एका कानातली कुडी काढून देते, आणि त्यानंतर टोळी जेव्हा जेव्हा त्या गावात शिरते तेव्हा मायचा एक कान मोकळा दिसतो. मी तेवढंच सांगते. बाकी खेळाडू स्वतःच आठवतात.

त्या कराराने पुढचं कॅम्पेन बदललं. ऐन वेढ्यात आखाजी आली तेव्हा वाघूर रात्रीतून घोडा काढून निघाला. टोळी चिडली, भांडण झालं, आणि तेही खरं भांडण झालं. ३०० नाण्यांनी हे कधी झालं नसतं.

संगमावरचा विधी मी मॅथ्यू मर्सर या डीएमच्या पद्धतीने चालवला. ती बऱ्याच जणांना ठाऊक असेल. वीस बाजूंच्या शेवटच्या फाशाने गाठायचा आकडा १० धरायचा. आधी जितक्या वेळा परत आलाय तितके वाढवायचे, म्हणजे वाघूरचे १३. तिघांनी काहीतरी अर्पण करायचं. जमलं तर आकडा तीनने उतरतो, फसलं तर एकने चढतो. गिरणाने त्याला गाडीत सांगितलेल्या गावांची नावं परत म्हटली, जमलं, १०. पांझराचा मंत्र फसला, ११. अनेरने कबूल केलं की दोन वर्षं ती वाघूरच्या वाट्यातून चोरत आली आहे. जमलं, ८. शेवटचा फासा डीएमने टाकायचा, त्यात कसलीच भर नाही. मी पडद्यामागे टाकला नाही, सतरंजीच्या मधोमध टाकला. ९ पडले.

वाघूर उठला, आणि चोरीची कबुली त्याने ऐकलेली होती. ती त्याला विसरता येणार नव्हती.

परत येण्याने नातं बदलावं, हे मला सुचलं ते आपल्याच जुन्या कथेवरून. कच संजीवनी शिकायला शुक्राचार्यांकडे जातो. असुर त्याला मारतात, आणि देवयानीच्या हट्टापायी गुरू त्याला उठवतात. पहिल्यांदा सोपं असतं. दुसऱ्यांदाही जमतं. तिसऱ्यांदा असुर त्याची राख मद्यात कालवून खुद्द शुक्राचार्यांनाच पाजतात. आता तो उठला तर गुरूचं पोट फाडून उठणार. म्हणून गुरू पोटातल्या कचालाच मंत्र शिकवतात, तो बाहेर येतो आणि मेलेल्या गुरूला उठवतो. मग देवयानी म्हणते, माझ्याशी लग्न कर. कच म्हणतो, मी तुझ्या वडिलांच्या पोटातून आलो, मी तुझा भाऊ झालो. ज्या मुलीने त्याला तीनदा परत आणायला लावलं, तिच्याशी असलेलं त्याचं नातंच त्या परत येण्याने बदललं. पुढचे दोघांचे शाप त्यातूनच निघतात. पुनरुत्थानाचा याहून नेमका धडा मला कुठल्या नियमपुस्तकात सापडलेला नाही. तुमच्या टेबलावर कुणी परत आलं की हा एक प्रश्न लिहून ठेवा: आता हा कुणाचा कोण झाला?

रिव्हिव्हिफाय बंद करू नका. क्लेरिकने तो कमावलेला असतो, आणि हातातलं काढून घेतलं की त्या खेळाडूचा विरस होतो. फक्त हिरे मोजके ठेवा आणि प्रत्येक हिऱ्याला मालक द्या. वरच्या लेव्हलला रेझरेक्शन आणि ट्रू रेझरेक्शन येतात तेव्हा मुदत शंभर आणि दोनशे वर्षांवर जाते, हिऱ्यांची किंमत १,००० आणि २५,००० होते. तिथेही उपाय हाच, फक्त मालक राजे आणि देव असतात.

मेलेल्याचा खेळाडू काय करतो

याचं उत्तर आधी तयार नसेल तर वरचं सगळं फुकट. खेळायला आलेला माणूस दोन तास रिकामा बसता कामा नये. बारा दिवसांच्या त्या वाटेवर मावसभाऊ गाडीवान झाला होता. त्याने त्याला नाव दिलं, बैलांना नावं दिली, आणि तो गाडीवान अजून टोळीबरोबर आहे. लढाई चालू असेल तर मी मेलेल्याच्या खेळाडूला सरळ दोन राक्षस चालवायला देते. स्पीक विथ डेड हा प्रेताशी बोलायचा स्पेल असेल तर पाच प्रश्नांची उत्तरं त्याच खेळाडूने द्यावीत. प्रेताला जिवंतपणी ठाऊक होतं तेवढंच ठाऊक असतं आणि उत्तर तुटक द्यायचं असतं, हे त्याला आधी सांगा. वहिनी तर म्हणाल्या होत्या, "मंग आते काय करानं? मी गाणं म्हणते." त्यांनी म्हटलं, आणि तो आमच्याकडे प्रेताच्या पहाऱ्याचा रिवाज झाला.

परत यायचंच नसेल तर

नवव्या लेव्हलला अनेर मेली. पुलावर, बाकीच्यांना पलीकडे जाऊ देताना. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट आली: मायच्या दुसऱ्या कानातली कुडी. मी खेळ थांबवला, बहिणीला जिन्यात घेऊन गेले आणि आत्म्याला विचारतात तसं विचारलं. पांझरा बोलावतोय, तुझं नाव घेतोय, येतेस का? ती बराच वेळ पायरीवर बसून होती. मग म्हणाली, "ताई, अनेर येणार नाही. मायचे दोन्ही कान मोकळे करून नको." मी एवढंच विचारलं, की तू येशील ना पुढच्या रविवारी? म्हणाली, येईन, पण आधी तिचं नीट करा.

ते आम्ही केलं. खान्देशात आखाजीला पितरांसाठी घागर भरतात. गच्चीवर आम्ही खरीच मातीची घागर आणली, पाणी भरलं, वर खरबूज ठेवलं, आणि प्रत्येकाने आपल्या पात्राच्या तोंडून अनेरबद्दल एकेक गोष्ट सांगितली. फासे डब्यात होते. वाघूरने सांगितलं, की तिने चोरलेला त्याचा वाटा तिने एका अनाथ पोराच्या शिक्षणाला दिला होता, आणि हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. हे मी लिहिलेलं नव्हतं. मावसभावाने ते तिथेच, त्या क्षणी रचलं, आणि ते आता आमच्या जगात खरं आहे. बहीण रडली, पण उठून गेली नाही. त्याच रात्री तिने नवं पात्र काढलं, त्याच अनाथ पोराचं.

पुढच्या सेशनला आखाजी होती. ठरल्याप्रमाणे वाघूर मायच्या दारात जेवायला बसला, नवा पोरगा त्याच्या शेजारी. मायने ताटं मांडली. एका कानात कुडी, एक मोकळा. वाढता वाढता तिने विचारलं, "ती पोरगी कुठे रे?" मावसभावाने माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलले नाही. मग तो म्हणाला, "माय, तिने तुझ्यासाठी कुडी ठेवली."